पडद्यावरची लढाई, अंगणातलं भांडण

दोस्तांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. दिवाळीची सुट्टी लागली आहे. कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या अंगणात किल्ला बांधायचं काम जोरात चाललंय. दगड-विटा रचून झाल्या, वर पोतं टाकून झालं, आता चिखल थापणं सुरू आहे. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत राड! कुंभारवाड्यातून आणलेली मातीची चित्रं एका खोक्यात आपली पाळी कधी येते याची वाट बघताहेत.

आणि तेवढ्यात भांडण लागतं.

"सगळ्या तोफा या बाजूला," दादा हुकूम सोडतो. "खानाचं सैन्य इकडूनच येणार. गेममध्ये मी असाच बेस वाचवतो."

"आणि खालचं गाव?" धाकटी बहीण विचारते.

"गाव राहू दे गं. जागा कुठाय?"

"वा रे वा! मग ही भाजीवाली कुठे ठेवू? आणि विहीर? आणि बैलगाडी?"

"गेममध्ये गाव-बिव काही नसतं."

"मग तुझे ते गेममधले सैनिक खातात काय? चिखल?"

पायरीवर पेपर वाचत बसलेले आजोबा खो खो हसतात. दादाला मात्र उत्तर सापडत नाही. तुम्हाला सापडतंय का बघा बरं!

हे भांडण तुम्हाला फुसकं वाटेल. पण थांबा. युद्ध, राजकारण, नीती हे जड जड शब्द मोठी माणसं भाषणांत वापरतात. गेम खेळणाऱ्या मुलांत मात्र याच विषयांवर रोज खडाजंगी होत असते, फक्त ते शब्द न वापरता. "शरण आलेल्याला मारलंस, हे चीटिंग आहे." "पण गेमनं मला तसं करू दिलं!" "गेमनं करू दिलं म्हणजे ते बरोबर झालं का?" आता या शेवटच्या वाक्यात नीतीशास्त्राचं आख्खं पुस्तक लपलेलं आहे, बरं का!

पन्नास अन्न, एक माणूस

आधी दादाची बाजू तपासू. गेममध्ये गाव नसतं, हे खरं आहे का?

'एज ऑफ एम्पायर्स' या मालिकेचं नाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पहिला गेम १९९७ साली आला आणि दुसरा, सगळ्यांत गाजलेला, १९९९ मध्ये. तुमचे मामा-काका कॉलेजात असताना रात्र-रात्र हाच गेम खेळले असतील. विचारून बघा, डोळे कसे चमकतात ते!

या गेमची सुरुवात सैनिकांपासून नाही, गावकऱ्यांपासून होते. गावकरी मेंढ्या पाळतात, लाकूड तोडतात, शेत कसतात, सोनं खणतात. त्यांच्याशिवाय एक तलवारही तयार होत नाही. म्हणजे गाव असतं. दादा चुकला.

पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या गेममध्ये एक गावकरी तयार करायला किती खर्च येतो? ५० अन्न. शत्रूनं गावकरी मारला, तर आपण काय करतो? चुकचुकतो, बटण दाबतो, ५० अन्न खर्च करतो, आणि थोड्याच वेळात नवा गावकरी हजर. मेलेल्याचं घर नाही, आई नाही, लेकरं नाहीत. तो एक आकडा आहे. आकडा कमी झाला, आकडा भरून काढला.

यात गेम बनवणाऱ्यांचा दोष आहे असं नाही. प्रत्येक खेळ काहीतरी मोजतो आणि काहीतरी सोडून देतो. बुद्धिबळात तरी प्याद्याचं नाव-गाव कोण विचारतं? पण आपण काय मोजतोय आणि काय मोजायचं सोडून देतोय, हे खेळणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. या लेखात तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. आता त्यासाठी आपण अंगणातून उठून जरा लाल महालापर्यंत चालत जाऊ.

रात्र ५ एप्रिल १६६३ ची

कसबा गणपतीचं दर्शन घेऊन बाहेर पडलात की लाल महाल हाकेच्या अंतरावर आहे. आज उभी असलेली वास्तू जुनी नाही. ती महापालिकेनं १९८० च्या दशकात बांधली. पण जागेचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. शिवाजी महाराजांचं बालपण जिथं गेलं, त्याच घरात औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान १६६० पासून मुक्काम ठोकून बसला होता. भोवती प्रचंड फौज. आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, महाराज निवडक मावळ्यांना घेऊन महालात शिरले. खानाची बोटं तुटली, तो वाचला. त्याचा मुलगा मारला गेला. अंधारात काही स्त्रियांनाही इजा झाली, असं त्या काळच्या नोंदी सांगतात. खानाची मात्र पुरती छी-थू झाली. औरंगजेबानं त्याची रवानगी बंगालला केली.

समजा, यावर गेम काढला. काय असेल त्यात? पहारेकऱ्यांना चुकवा, भिंत फोडा, खानापर्यंत पोचा. वेळ पाच मिनिटं. काम फत्ते झालं की तीन चांदण्या आणि ढोल-ताशे!

आता आपले अंगणातले भांडखोर या गेमवर कसे वाद घालतील?

एक म्हणेल, "झोपलेल्या शत्रूवर हल्ला करणं बरोबर आहे का?" दुसरी म्हणेल, "अरे, तो दुसऱ्याच्या घरात येऊन झोपला होता! आणि एवढ्या फौजेशी मैदानात लढले असते, तर दोन्हीकडची किती माणसं मेली असती? इथे रोख फक्त खानावर होता." तिसरा म्हणेल, "पण अंधारात ज्या बायकांना लागलं, त्यांचं काय? त्या तर लढत नव्हत्या." मग पहिला म्हणेल, "ते मुद्दाम नव्हतं." आणि दुसरी विचारात पडेल, "मुद्दाम नसलं, तरी लागायचं ते लागलंच ना?"

बघितलंत? चार वाक्यांत आपण कुठल्या कुठे पोचलो! कमीत कमी रक्त सांडून मोठं काम साधावं का, न लढणाऱ्याला कसं वाचवावं, हेतू चांगला असला की सगळं माफ होतं का? जगातल्या मोठमोठ्या सेनापतींना आणि न्यायाधीशांना हेच प्रश्न पडलेले आहेत. आणि हे प्रश्न विचारल्यानं महाराजांचा मान तसूभरही कमी होत नाही. का, ते आता सांगतो.

महाराजांनी काय मोजलं?

१६७० च्या दशकात महाराजांच्या फौजेची छावणी चिपळूणजवळ पडली होती. तिथल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेलं एक पत्र आज आपल्याला वाचायला मिळतं. त्यात लढाईचे डावपेच नाहीत. मग काय आहे? गवत! दाणा! दिव्याची वात!

पत्राचा मतलब असा: आत्ताच दाणा-वैरण उधळून टाकलीत, तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिराल, कुणाचं धान्य उचलाल, कुणाची भाजी, कुणाचं लाकूड. तसं झालं तर रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे! तेव्हा जे हवं ते बाजारात पैसे मोजून विकत घ्या. आणि रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि सगळंच संपेल.

उंदरापर्यंत विचार, दोस्तांनो! याला म्हणतात हिशेब. गेममध्ये आपण अन्न, लाकूड आणि सोनं मोजतो. महाराजांनी तेही मोजलं, पण त्यापुढे आणखी एक गोष्ट मोजली: गडाखालच्या गावातल्या माणसाला काय वाटेल? धाकटी बहीण अंगणात नेमकं तेच तर विचारत होती.

रेडक्रॉस आणि गेम

तुम्ही म्हणाल, हे झालं इतिहासाचं. आजच्या गेमवाल्यांना कुठे पडलीय याची फिकीर?

पडलीय तर! युद्धालाही नियम असतात. जखमींना, कैद्यांना, न लढणाऱ्या नागरिकांना कसं वागवायचं, याचे चार जिनिव्हा करार १९४९ मध्ये झाले. भारतही त्यांना बांधलेला आहे. या नियमांची राखण करणारी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती म्हणाली, की गेममध्ये खरी वाटणारी युद्धं दाखवता, मग खरे नियमही दाखवा. नागरिकावर गोळी झाडली, तर गेममध्येही त्याचा परिणाम दिसू दे.

चेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीनं ते मनावर घेतलं. तिचा 'आर्मा ३' हा युद्धाचा गेम आहे. त्यात २०१७ मध्ये 'लॉज ऑफ वॉर' नावाचा नवा भाग आला. त्यात खेळणारा सैनिक नसतो. तो लढाई संपल्यावर गावात पेरलेले सुरुंग काढणारा माणूस असतो. एकाच गावात आधी काय घडलं, कुणी कुणाचं काय केलं, हे त्याला हळूहळू कळत जातं.

पोलंडमधल्या एका कंपनीनं २०१४ मध्ये 'धिस वॉर ऑफ माइन' काढला. बोस्नियातलं सारायेव्हो शहर १९९२ ते १९९६ या काळात वेढ्यात अडकलं होतं. त्यावरून हा गेम सुचला. यात तुम्ही लढवय्ये नाहीच. वेढ्यात सापडलेली साधी माणसं जगवायची. औषध संपलंय. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे ते आहे. चोराल? चोरलंत, तर तुमचीच माणसं खचून जातात. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारनं हा गेम शाळेच्या पूरक वाचनाच्या यादीत घालायचं ठरवलं. गेम, आणि तोही अभ्यासाला! पण लगेच आईकडे हट्ट धरू नका. हा गेम मोठ्या माणसांसाठी आहे, आणि खेळून झाल्यावर त्यांनाही झोप लागत नाही.

हिरवं रक्त

आता थोडं राजकारण. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात 'पबजी मोबाइल' होता. खूप घरांत आई-बाबांना वाटलं, बरं झालं, मारामारीचा गेम गेला! पण सरकारनं मारामारीचं कारण दिलंच नव्हतं. कारण होतं देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती. त्याच वर्षी जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले होते, आणि ही अ‍ॅप चीनशी जोडलेली होती.

जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतासाठी नव्या नावानं आला. १८ वर्षांखालच्यांना रोज तीन तासांची मर्यादा आली आणि रक्ताचा रंग झाला हिरवा!

घ्या, वादाला केवढा झकास विषय! रक्त हिरवं केलं म्हणजे गोळी झाडणं सौम्य झालं? की उलट, रक्त लाल दिसलं तर निदान आपण काय करतोय ते कळतं? एक बाजू म्हणते, लहान मुलांनी रक्त बघू नये. दुसरी म्हणते, परिणाम लपवला तर मारणं आणखी सोपं वाटतं. दोन्ही बाजूंना दम आहे. घरी काढून बघा हा विषय, जेवण थंड होईल!

गांधीजी आणि अणुबॉम्ब

वाद घालताना एक खड्डा मात्र जपून ओलांडायचा. त्याची ही गोष्ट.

'सिव्हिलायझेशन' हा गेम १९९१ मध्ये आला. जगातल्या एखाद्या संस्कृतीचे नेते व्हायचं आणि ती वाढवायची. भारताचे नेते कोण? महात्मा गांधी. पुढे गेमप्रेमींमध्ये एक कथा पसरली, की या गेममध्ये गांधीजी सारखे अणुबॉम्ब टाकतात! कारणही मोठं शास्त्रीय दिलं जायचं. त्यांचा आक्रमकपणा होता १. लोकशाही आली की तो २ नं कमी व्हायचा. पण त्या जागेत ० ते २५५ एवढेच आकडे मावायचे. मग शून्याच्या खाली गेलेला आकडा, स्कूटरचा किलोमीटरचा काटा उलटा फिरावा तसा, थेट २५५ वर जायचा. झालं, अहिंसेचे पुजारी सगळ्यांत भांडखोर!

कथा इतकी फक्कड, की जगभर लोकांनी ती खरी मानली. मात्र २०२० मध्ये गेमचा कर्ता सिड मायर यानं आपल्या आत्मचरित्रात सांगितलं, की अशी चूक मूळ गेममध्ये नव्हतीच. २०१० च्या पाचव्या भागात मात्र बनवणाऱ्यांनीच गंमत म्हणून गांधीजींना अणुबॉम्बची आवड चिकटवली.

म्हणजे हजारो हुशार मुलं वर्षानुवर्षं तावातावानं वाद घालत होती, आणि पायाच खोटा होता! गोष्ट जितकी चटकदार, तितकी ती दोनदा तपासायची.

आणि हे फक्त गमतीपुरतं नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाचे दिवस आठवा. घरोघरी बातम्या चालू होत्या. त्याच दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं 'खऱ्या लढाईची' म्हणून फोनवर फिरत होती. युक्रेनच्या युद्धातही 'आर्मा ३' मधली दृश्यं अशीच फिरली होती. शेवटी त्या कंपनीलाच २०२२ मध्ये, खोटी चित्रफीत कशी ओळखायची, हे लोकांना सांगावं लागलं. तुमच्या वर्गात एखादीचे बाबा सैन्यात असतील. असा खोटा व्हिडिओ बघून त्या घरात काय झालं असेल, विचार करा. इथे गेम खेळणारं पोर घरातल्या मोठ्यांच्या उपयोगी पडू शकतं. "बाबा, थांबा, पुढे पाठवू नका. हा गेम आहे. मी खेळलोय," एवढं सांगायचं.

वादाचे पाच नियम

एक : आधी माहिती तपासा, मग आवाज चढवा.

दोन : "कोण जिंकलं?" विचारून झालं, की "कुणाचं काय झालं?" हेही विचारा.

तीन : समोरच्याचा मुद्दा त्याच्याहून छान मांडून दाखवा. मगच खोडा.

चार : राग गेमवर काढा, खेळणाऱ्यावर नको. "तुझा गेम वाईट, म्हणजे तू वाईट" हे बाद.

पाच : पटलं तर बाजू बदला. त्यात हार नाही.

आई-बाबांसाठी चार ओळी

तुमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम होता. 'कॉन्ट्रा'मध्ये तुम्हीही सटासट गोळ्या झाडल्या होत्या. आठवतंय ना? तेव्हा "बंद कर ते!" ही आरोळी तुम्हीही ऐकली होती. वेळेचं बंधन हवंच, आणि गेमच्या डब्यावरचं वय बघणंही हवं. पण कधीतरी मुलांशेजारी अर्धा तास बसा आणि विचारा, "इथे न लढणारी माणसं कुठे आहेत रे?" अशा एका प्रश्नानं दहा आरोळ्यांचं काम होतं.

आणि गेम बनवणारे?

तेही काही परग्रहावर राहत नाहीत. 'राजी' हा २०२० चा गेम आपल्या पुण्यातच बनला. त्यात एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. २०२४ चा 'इंडस'ही पुण्यातल्याच कंपनीचा. काय मोजायचं आणि काय सोडायचं, हे तिथे टेबलाशी बसलेली माणसं ठरवतात. उद्या त्या टेबलाशी तुमच्यापैकी कुणी असेल. तेव्हा गडाखालचं गाव विसरू नका, म्हणजे झालं.

अरे हो, अंगणातल्या भांडणाचं काय झालं?

दादानं बराच वेळ डोकं खाजवलं, म्हणजे केसांनाही चिखल लागला. मग दोन तोफा उचलून वरच्या बुरुजावर ठेवल्या. खाली हातभर जागा मोकळी झाली. तिथे विहीर आली, बैलगाडी आली, भाजीवाली आली. धाकटीनं भोवती हळीव पेरले, शेत म्हणून.

"आता खान आला तर?" आजोबांनी विचारलं.

"तर आधी गावातल्यांना वर घ्यायचं," दादा म्हणाला. "दरवाजा मोठा करायला लागेल, आजोबा."

आता तुमची पाळी! रक्त हिरवं असावं की लाल? शाहिस्तेखानाच्या गेममध्ये तुम्ही कोणता नियम घालाल? वहीत तुमची बाजू लिहा, आणि त्याखाली समोरच्याचीही. दुसरी बाजू पहिलीइतकीच लांब झाली पाहिजे, ही अट!